पोकळ सुई

सोळा वर्षं साड्यांना फॉल लावले
घोरपडे पेठेत, जिन्याखालच्या गाळ्यात.
आता चौतिसाव्या वर्षी
पांढरा कोट घालून पहिल्या बाकावर बसते,
कारण मागून फळा दिसत नाही.

दुनाखे मॅडम म्हणाल्या,
"शीर डोळ्यांनी शोधू नका. बोटानं शोधा."
सगळी पोरं रबरी हातावर वाकलेली.
मला हसू आलं.
काठाच्या आत दुमडलेला धागा कुठं पळतो
ते मी कधी डोळ्यांनी पाहिलंय?

नळ्यांच्या टोपणांचा क्रम पाठ करायचा होता:
निळं, लाल, पिवळं, हिरवं, जांभळं, करडं.
आसिफ तळहातावर लिहून आणतो
आणि आमच्या धंद्यात दर पाच मिनिटांनी हात धुवायचे असतात.
मी डोळे मिटून रिळांची फळी बघते.
करड्या दोऱ्याचं गिऱ्हाईक
नेहमी शेवटीच यायचं.

पण ही सुई वेगळी.
हिला नेढं नाही, पोटातूनच पोकळ.
जोडत काही नाही, घेते फक्त.
साडीत टाका चुकला तर दातानं तोडावा.
इथं चुकला
तर कोपराच्या खळगीत काळंनिळं उमटतं
आणि समोरचा म्हणतो, "असू द्या."
ते "असू द्या" मी घरी घेऊन जाते,
भाकरी थापताना हाताला लागतं.

रास्ता पेठेत, दवाखान्यात, सकाळी सात.
उपाशीपोटी आलेली, कुरकुरणारी रांग.
बेहेरे आजोबांनी चष्म्यावरून विचारलं,
"आजवर किती जणांना टोचलंय?"
"माणसं अकरा," मी खरं ते सांगितलं,
"साड्या मोजल्या नाहीत."
त्यांनी विचार केला.
उजवी बाही खाली केली, डावी वर.
"मग हा घ्या. तो सहीचा आहे."

पास झालो.
तेजल गुंजाळ डायलिसिसच्या खोलीत लागली,
आठवड्यातून तीनदा तेच चेहरे,
म्हणते, सासरच्यांपेक्षा यांची जास्त ओळख झाली.
आसिफ ऑपरेशनच्या आधी कात्र्या मोजतो,
नंतर पुन्हा मोजतो,
आकडा जुळेपर्यंत कुणी टाके घालत नाही.
धोंगड्यांच्या प्रवीणला रक्त पाहून घेरी येते.
तो विम्याचे कागद बघतो, एसीत,
आणि दुपारी डबा घेऊन आमच्यातच येऊन बसतो.

नवऱ्यानं विचारलं, "फॉलपेक्षा किती जास्त?"
आकडा सांगितला.
फार नव्हता.
तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी
पहाटे पाचला उठून स्कूटीची सीट पुसत होता.

मागे थंड पेटी, पुढे पत्त्यांची यादी.
वारजे, नऱ्हे, धायरीचा चढ.
तिसऱ्या मजल्यावर एक बाई दार उघडते,
घाबरलेली, तोंड फिरवून हात पुढे करते.
एकदाच टोचलं. मिळालं.

कापूस दाबून धरा.
नाही, कोपर दुमडू नका, हात सरळ.
दोन मिनिटं.

तेवढ्यात माझी नजर खाली जाते.
निऱ्यांपाशी फॉल सुटलाय, वीतभर,
पायात अडकेल एखाद्या दिवशी.

"ताई, घरात
सुईदोरा आहे का?"