मधली

भिशीचा नंबर मार्चमध्ये लागला.
मागच्या वेळी विजूताईंनी मिक्सर घेतला होता,
त्याआधी बनसोड्यानं दोन टायर.
मी म्हटलं, बासरी.
लॅबमध्ये कुणी हसलं नाही,
सेंट्रिफ्यूज तेवढं फिरत राहिलं.

आहे ती हरिपूरच्या जत्रेतली, ऐंशी रुपयांची.
सहा वर्षं झाली. एकदा तडकली,
तेव्हा टाके घालायचा दोरा गुंडाळला, वर फेविकॉल.
तिचा पंचम चढा.
कोष्टीसर सुरुवातीला डोळे मिटून घ्यायचे,
मग म्हणायला लागले, फुंकर जरा आत वळवा, बाई.
मी वळवली.
इतकी वळवली की पंचम आला जागेवर
आणि आपण काही वळवतोय हेच विसरून गेले.

यंदा सरच म्हणाले, हिच्यात आता काही उरलं नाही.
मधली घ्या. शिकाऊ नको, मैफलीची तर नकोच,
मैफलीची घरात आली की माणूस तिला घाबरून राहतो.

मिरजेत दस्तगीरचाचांचं दुकान जिन्याखाली.
छताला भोपळे, हवेत लाखेचा वास.
बासऱ्या हा त्यांचा जोडधंदा,
बांबू आसामचा, भोकं मिरजेची.
सतरंजीवर चार मांडल्या, सगळ्या पांढरी तीनच्या.

पहिली रंगीत दोऱ्यांची, सजवलेल्या नवरीसारखी,
पण खर्जात उतरली की तिचा घसा बसतो.
दुसरी लांब. सहाव्या भोकाकडे
माझी अनामिका निघते आणि अर्ध्यातून परत येते.
दिवसाला साठ माणसांची शीर शोधणारी बोटं ही;
भोक समोर दिसतंय आणि सापडत नाही.
"हात लहान आहे, त्यात लाज कसली," चाचा म्हणाले,
"चप्पल घेताना लाजता काय?"

तिसरी.
बुडाशी काळा डाग, रेषा किंचित तिरकी.
सा लावला
तर भिंतीवरचा एक तंबोरा,
कुणा गिऱ्हाइकानं आगाऊ देऊन नेलाच नाही असा,
आपणहून हुंकारला.
मी दचकून थांबले.
तो लगेच थांबला नाही.

मग रे, ग, म, आणि पंचम.
पंचम उतरला.
पुन्हा लावला, पुन्हा खाली.
चौथी उचलली, तिच्यातही.
पहिली परत घेतली, तिच्यातही.
सगळ्या कशा बिघडतील एकाच पायरीवर?
मी रागानंच बघितलं असणार,
चाचांनी तिसरी माझ्या हातातून घेतली,
सदऱ्याला पुसली, पंचम लावला.
सरळ. तंबोऱ्यानं साक्ष दिली.

"बासरीत काही नाही, बाई.
आधीचीची खोड तुमच्या ओठात राहिलीय."

म्हणजे सहा वर्षं
दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या होत्या
आणि मी त्याला सूर म्हणत होते.

साडेबावीसशे सांगितले, पन्नास सोडले,
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.
सांगलीच्या बसमध्ये पिशवीत मावेना.
शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, ठिबकची नळी काय?
म्हटलं, बासरी.
"वाजती का?"
"मला अजून नाही."
त्यानं मान हलवली, जणू द्राक्षाचं कलम
यंदा धरलं नाही एवढंच मी सांगितलं होतं.

रात्री दार लावून नुसता पंचम.
ओठ आत वळतो, मी बाहेर आणते,
बोलता बोलता परत आत.
जुनी कपाटावर आहे. टाकवत नाही,
ओठ तिच्यावर न सांगता बसतो
आणि म्हणूनच ती आता खाली काढायची नाही.

साडेदहाच्या सुमारास कधीतरी
एकदाच, फार तर दोन श्वास,
मांडणीतली एक ताटली बारीक वाजली.
किंवा खालून मिरजेची मालगाडी गेली असेल.
मी उठून ताटलीला बोट लावून बघितलं.