आर्ट्सला

"आर्ट्सला?" प्रभुदेसाई म्हणाले,
साबुदाणावडा चटणीत तसाच धरून.
"मार्क कमी पडले का हो?"
फहाहीलच्या चौथ्या मजल्यावर, मंडळाच्या शुक्रवारी.
मी म्हटलं, छे, अठ्ठ्याण्णव टक्के.
टक्के सांगताना माझा आवाज चढला,
ते हिने पाहिलं.

कॉलेजचं नाव कुणीच ऐकलेलं नाही.
मीही नव्हतं. ओहायोत, मक्याच्या शेतांमध्ये,
सगळी मिळून सोळाशे मुलं.
आमच्या रिफायनरीत एका पाळीला
याहून जास्त माणसं जेवतात.
इचलकरंजीहून मेहुण्याने विचारलं, "यादीत कितवं?"
म्हटलं, ते वेगळ्या यादीत असतं.
"वेगळी म्हणजे वेटिंग?"

मी प्रेशर गेज तपासतो. बावीस वर्षं.
सुई शून्यावर परत येते की नाही, एवढंच माझं काम.
इथे पाणीसुद्धा समुद्र उकळून, मोजून येतं,
इकामा संपायची तारीख फ्रीजवर चिकटवलेली असते,
आणि एक दिवस म्हणतात, भरा बॅगा.
म्हणून मला नाव हवं होतं. मोठं, जड,
कुठल्याही विमानतळावर न सांगता कळणारं.
इंजिनिअर कसा, कुठल्याही देशात पिळून बसवता येतो.
तत्त्वज्ञान आणि खडक एकत्र शिकून
कुठल्या आट्यात बसणार ही पोर?

हे मी जेवताना बोललो.
शाल्मली ताट घेऊन उठली. भात तसाच.

बुधवारी रात्री तिकडून फोन आला.
कुणी वयस्क प्राध्यापक बाई.
मी फीचा कागद घेऊन स्पीकरजवळ बसलो.
त्यांनी आधी विचारलं, नाव नेमकं कसं म्हणायचं?
शाल. मली. चौथ्या खेपेला जवळजवळ जमलं.
मग, अर्थ काय?
"सावरीचं झाड. काटे असतात," ही म्हणाली,
"आणि शेंगा फुटल्या की कापूस उडतो, कुठेही."
पलीकडे जरा वेळ शांतता.
लिहून घेत असाव्यात.

गेटपासवर मी 'मिस्टर विश्वम'.
विश्वंभर रकान्यात मावत नाही.
एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही,
आणि वॉल्व्ह उघडणाऱ्या नेपाळी पोराला
मीही 'ए बहादूर' म्हणूनच हाक मारतो.

शिष्यवृत्ती वजा केली तरी आकडा मोठाच आहे.
दिनारमध्ये लिहिला की लहान दिसतो, म्हणून दिनारमध्ये लिहिलाय.
हिने पाटल्यांचा विषय काढला, मी टीव्ही लावला.
आणि काल प्रभुदेसाईंना सांगून बसलो, "बॉस्टनजवळ."
नकाशावर वीतभरसुद्धा नाही तसं.
शाल्मलीला हे सांगितलेलं नाही.

आज पहाटे बस गेटपाशी थांबली,
फ्लेअरचा उजेड त्याच्या हेल्मेटवर होता.
मी त्याला विचारलं, तुझं नाव काय?
तो घाबरला.
म्हणाला, पासवर लिहिलंय, साहेब.