पान एकशे बारा

या शनिवारी तीन काढून ठेवली आहेत.
कूलरसमोरून जरा सरका, नयनाताई,
पानं उडतात, आणि यातल्या एकाची शिवण
इक्बालभाईनं कालच घातली, खळ अजून ओली आहे.

पहिलं. धरणाचं पाणी उतरतं,
बुडालेल्या गावातली शाळा वर येते
आणि तिसऱ्या बाकावर एक माणूस, बसलेला.
घाई करू नका. साठ पानं लेखक नुसता गाळ उपसतो,
मी दोनदा मिटून ठेवलं होतं.
एकसष्टाव्या पानावर मास्तर हजेरी घेतात.
रात्री दीडला उठून
दाराची कडी पुन्हा बघून आले मी.

दुसरं नेऊ नका म्हणेन, पण तुम्ही न्यालच.
पहिल्याच ओळीत प्रेत, पोलीस देखणा,
बायका फक्त किंचाळायला ठेवलेल्या.
तरी त्यात एक स्वयंपाकीण आहे बाप्पा,
भांडी कोण कशी आपटतं यावरून
घरात कोण खोटं बोलतंय ते सांगते.
तिच्या चौदा पानांसाठी न्या.
बाकीचं बर्डीच्या सिग्नलवर
उभ्या उभ्या वाचलं तरी चालेल.

तिसऱ्याचं सांगायच्या आधी घोटभर पाणी द्या.

पौनीकर आठवतात ना?
जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट.
खऱ्या खुनांचे जबाब बडवून बडवून
बोटांची टोकं चपटी झालेली,
आणि संध्याकाळी महालातून सायकलनं इथं,
"काही नवा खून आला काय जी?"
खऱ्यात दम नसतो म्हणायचे,
खऱ्यात कोणी केलं ते गल्लीला
पहिल्याच दिवशी ठाऊक असते,
मंग अकरा वर्षं नुसत्या तारखा.

त्यांची खोड तुम्ही सगळ्यांनी सोसली आहे.
मधेच कुठंतरी एका नावाखाली रेघ,
समासात शिसपेनीनं, बारीक: हाच तो.
धोपटे तर भांडले होते त्यांच्याशी,
रजिस्टरात रीतसर तक्रार आहे, दोन ओळींची.
मग ध्यानात आलं, रेघ दर वेळी चुकीच्याच माणसाखाली.
कधी माळी, कधी डॉक्टर,
एकदा तर कुत्रा.
तेव्हापासून पुस्तक उघडलं की
आपण आधी रेघ शोधायचो,
त्या माणसाला निर्दोष सोडायचो,
आणि उरलेल्यांवर संशय घेत
उन्हाळ्याची एक रात्र काढायचो.

हे तिसरं त्यांनी मार्चमध्ये परत केलं.
कार्डावर त्यांच्या सहीखाली सही नाही.
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा मुलगा
ठेवीची पावती घेऊन आला.

गोष्ट साधी. रेल्वे कॉलनी, विष, सात शेजारी.
पान एकशे बारावर रेघ:
सातांतला टायपिस्ट. हाच तो.
मी हसले. स्वतःच्याच जातभाईला सोडवलंत, म्हटलं,
आणि बाकी सहांच्या मागे लागले.
लाईट गेली तर गच्चीवर, बॅटरीच्या उजेडात,
पाठीखाली सिमेंट तव्यासारखं.

टायपिस्टच होता.

काहून? तेच विचारते आहे.
शेवटी खोटं लिहायचं विसरले?
की आपण विश्वास ठेवणार नाही हे धरून
पहिल्यांदाच नीट लपवलं त्यांनी?
धोपटे म्हणतात, पुस्तक पुरं वाचलंच नसेल,
डोळे गेले होते, अंदाजानं ओढली रेघ.
असेल.
नियमाप्रमाणे परत आलेल्या पुस्तकातलं
सगळं शिसपेन मी खोडते.
रबर गेले चार शनिवार
टेबलावरच आहे.

आता तुम्ही चिडाल, की हिनं शेवट फोडला.
चिडा. पण इतकी वर्षं मी
त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसत होते,
आणि टायपिस्टच होता,
हे फक्त माझ्या तोंडचं आहे.

कोण नेतंय?
सही इथं करा, त्यांच्या खाली.
पंधरा दिवस. नंतर रोज एक रुपया.