दोनशे चौदा अंश

ह्रुस्काच्या दुकानात कॅमशाफ्ट मागायला गेलं
की तो इंजिनाबद्दल आधी विचारतच नाही.
विचारतो: राहतेस कुठे? वाटेत सिग्नल किती?

मी बाबांची चिठ्ठी काउंटरवर सपाट केली.
पेन्सिलीनं, कापऱ्या आकड्यांत: दोनशे चव्वेचाळीस अंश.
खाली दोन रेघा.
एकतीस वर्षं लॅन्सिंगच्या कारखान्यात प्रेसवर पत्रा ठोकून
ज्यांचे कान आता फक्त जाड आवाज घेतात,
त्यांना हवी होती ती लंगडी धडधड,
उभ्या कटलसचं बॉनेट थरथरवणारी,
समोरच्या घरातल्या बशा वाजवणारी.

'मागचा गियर?'
दोन पूर्णांक त्र्याहत्तर.
'ऑटोमॅटिक?'
हो, कन्व्हर्टर कंपनीचंच.
'ब्रेक पॉवरचे? कॉम्प्रेशन?'
हो. साडेआठ, फार तर.
'आणि चालवणार कुठे? खरं सांग.
इथे येणारा प्रत्येक जण मला रेसच सांगतो.'

मी खरं सांगितलं.
गुरुवारी डायलिसिस, ग्रँड रिव्हरच्या रस्त्यानं, अकरा सिग्नल.
कधीतरी मेसनला आत्याकडे.
ऑगस्टात जुन्या गाड्यांचा मेळा,
तिथे तर ती बंदच उभी असते.

त्यानं खडूनं बाकावर दोन टेकड्या काढल्या,
एकमेकींच्या पायावर पाय पडलेल्या.
'ही बाहेर सोडणारी, ही आत घेणारी.
हा मधला तुकडा बघ, दोन्ही दारं एकदम उघडी.
वारा घरातून आरपार, चुलीवर काही शिजत नाही.
सहा हजार फेऱ्यांवर हेच वरदान.
सातशेवर, लाल दिव्यापाशी,
व्हॅक्यूम नऊवर येतो, ब्रेकचं पेडल दगड होतं,
आणि तुझा गियर म्हणतो, मला कशाला विचारता.'

मग खडू खिशात टाकून,
'ऑर्विलला हे सगळं ठाऊक आहे.'

स्टुलावर चढून वरच्या फळीवरून त्यानं काढला
तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शाफ्ट.
'हाच तो. दोनशे चव्वेचाळीस.
सत्त्याहत्तरचा नोव्हेंबर. तुझी आई मागच्या सीटवर.
तेव्हा सात सिग्नल होते हॉस्पिटलपर्यंत,
सातही ठिकाणी गाडी बंद पडली.
पुढच्याच आठवड्यात त्यानं स्वतः उपसून आणून दिला.
पैसे मागितले नाहीत.'

मी बोट फिरवलं. एका उंचवट्याचं नाक झिजून गोल झालेलं.
माझ्या जन्माची जी गोष्ट घरात सांगतात
तिच्यात उशीर बर्फामुळे होतो.

धाकटा घेतला. दोनशे चौदा.
सोबत नवे लिफ्टर, स्प्रिंगा, जस्तवाल्या तेलाचे सहा डबे.
चिठ्ठी परत घ्यायला विसरले.

पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं
दोन हजाराखाली येऊ द्यायचं नसतं,
नाहीतर नवं लोखंड नव्या लोखंडाशी जुळायच्या आधीच खरवडतं.
मी थ्रॉटल धरून उभी.
बाबा घडीच्या खुर्चीत, फेंडरजवळ, तळहात पत्र्यावर.
एक्झॉस्टचा रंग जळत होता, डोळ्यांत पाणी येत होतं,
गॅरेजचं दार अर्धं उघडं, बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा.
अठरा. एकोणीस.

सोडलं.
इंजिन खाली आलं आणि सरळ चालायला लागलं.
अगदी सरळ नाही. मधूनच एक बारीक अडखळ,
अंधारात उंबरा लागावा तशी.

बाबांनी तळहात उचलला, जरा पुढे सरकवून पुन्हा टेकवला.
'हा मी सांगितलेला नाही.'

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं,
ह्रुस्कानं सातही सिग्नल सांगितले.

ऐकू गेलं की नाही कळेना.
रेडिएटरचा पंखा फिरत होता, ते पत्र्याकडे बघत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
'सहा.
सातव्याला दिवा हिरवा होता.'