लाल दोरी

उलानबातरच्या तेराव्या वसाहतीत
इमारत क्रमांक नऊच्या तळघरात
तीन ट्रेडमिल आहेत. त्यातली एक कुरकुरते.
बाहेर उणे एकतीस, आणि कोळशाचा धूर असा
की रस्त्यावरचा दिवासुद्धा खोकत असावा.
डॉक्टरांनी चालायला सांगितलेली माणसं
जिना उतरून माझ्याकडे येतात.

गोंचिग आले ते गुडघ्यापर्यंतचे कातडी बूट घालून.
म्हटलं, हे चालणार नाहीत.
"चाळीस वर्षं चाललेत," म्हणाले.
सुनेनं दिलेले नवे बूट पिशवीतच होते.
नाड्या मी बांधल्या, दुहेरी गाठ, टोकं आत खोचून.

शर्यतीचे घोडे तयार करण्यात हयात गेलेला माणूस.
आता हृदयात एक जाळी आहे, बोटाच्या पेराएवढी.
पट्टा फिरत होता आणि ते सरळ चढायला निघाले.
मी आडवी आले.
आधी दोन्ही कडांवर पाय, फाकून,
रिकिबीत ठेवावेत तसे.
मग ही लाल दोरी, चिमटा कंबरेपाशी शर्टाला.
तुम्ही पडलात तर ही सुटते, यंत्र थांबतं.
"म्हणजे स्वार पडला की घोडा थांबतो?"
हो.
"असा घोडा मी पाहिलेला नाही."
पण चिमटा स्वतःच लावला.

पहिली पाच मिनिटं दोनच्या वेगानं.
मान खाली, नजर पावलांवर,
मुठी दांड्यांवर आवळलेल्या.
आजोबा, लगाम इतका ओढून धरलात
तर चालतंय कोण, पाय की हात?
हसले. एकेक बोट सुटत गेलं.
समोर भिंत, भिंतीवर गळतीचा डाग.
त्याच्याकडे बघा म्हटलं.
त्यांनी त्याला लगेच एका डोंगराचं नाव दिलं.

वेग किती, याला माझ्याकडे एकच माप:
बोलता यावं, गाता येऊ नये.
म्हणून मी विचारते, आणि ते घोड्यांचे रंग सांगतात.
लोण्यावर राख सांडल्यासारखा.
गोठल्या नदीचा, कडेला काळसर.
कोल्ह्याच्या पोटाचा, पण फक्त हिवाळ्यात...
रंगाच्या मधेच श्वास तुटला
की मी बटण दोनदा खाली दाबते.
ते अर्धवट रंग माझ्या वहीत आहेत,
वेगाच्या रकान्यात.

शेजारच्या पट्ट्यावर तुगुल्दर, वेग बारा.
फोन वाजला तसा धावत्या पट्ट्यावरून उडी मारून
जिन्याकडे गेला. पट्टा पळत राहिला,
वर कुणीच नाही.
गोंचिगनी त्याला हाक मारून परत बोलावलं.
दौडून आलेला घोडा जो लगेच बांधून टाकतो, म्हणाले,
तो घोड्याचा वैरी.
चालव त्याला. श्वास जागेवर येईपर्यंत चालव.
तुगुल्दर शहरातला, घोड्यावर कधी बसला नाही,
तरी पाच मिनिटं मुकाट चालला.
हेच मी त्याला महिनाभर सांगत होते.
माझ्या तोंडून ते भिंतीवरच्या पाटीसारखं येत असावं.

आणि परवा. चढ एक, वेग चार.
मागून कुणी तरी हाक दिली, गोंचिग वळले,
नुसती मान नाही, खांद्यासकट.
पाय तिरका पडला.
दोरी ताणली, टिक्,
पट्टा जागीच थबकला.
ते एका गुडघ्यावर, एक हात दांड्यावर,
आणि माझ्या तोंडचं पाणी पळालेलं.
दोरीचं टोक तळहातावर घेऊन
ते बराच वेळ बघत बसले.
"थांबला," म्हणाले. "खरंच थांबला."

नाडी पाहिली, गुडघा पाहिला, दहा मिनिटं बसवलं.
आज पुरे म्हटलं. ऐकतील तर ना.
पुन्हा कडांवर पाय, पुन्हा चिमटा, दोनचा वेग,
एक फिकट पिवळा घोडा, पूर्ण.

उतरल्यावर त्यांनी हाताच्या कडेनं
मनगटावरचा घाम निपटला,
दिव्याखाली धरून पाहिला.
"पहिल्या दिवशी चिकट होता. आता पाण्यासारखा.
उद्या दोन मिनिटं वाढव."
मी वही उघडली.
पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.