दुसरी पाळी, शिरोली

आमची अमेरिका लाकडी खोक्यातनं जाते.
बिडाचं हाउसिंग, साडेअकरा किलो,
तिकडं कशात बसतं, ठाऊक नाही.

यशवंता आतिग्रे म्हणतो,
तिथं शेजारीसुद्धा फोन करून येतो.
त्याचा मेव्हणा ओहायोत, तोच सांगतो.
मेव्हण्याला तिकडची माणसं विचारतात म्हणे,
तुमच्या दारात हत्ती असतो का?
"हाय म्हणून सांग," यशवंता फोनवर ओरडला,
"दोन हायत. एक दुभता."

परवा एक खोकं परत आलं.
आत आमचंच बीड, वर खडूची फुली,
आणि तळाच्या भुशात
कुणाचा तरी हातमोजा. डाव्या हाताचा.
करंगळीखाली झिजून भोक पडलेला.

यशवंतानं घालून बघितला.
"बसतोय," म्हणाला,
आणि तसाच भट्टीकडं गेला.