अकरा प्रभावळी

माझ्याकडे अकरा प्रभावळी आहेत.
देव एकही नाही.

देव परवडत नाहीत.
देवांना चोर असतात, दलाल असतात,
काचेच्या पेट्या आणि नंबर असतात.
देव गेला की मागं राहते ही कमान,
मोडीच्या ढिगात, स्टोव्हच्या टाक्या
आणि नळाच्या तोट्यांखाली,
पितळेच्या भावानं.

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या काट्यावर
उसाच्या गाड्या तोलल्या.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, म्हणजे ऊस.
एवढं एकच गणित मला येतं.
म्हणून लक्ष्मीपुरीत इलाही शिकलगार हाक मारतो,
"काटेवाले, या, एक आलीय,"
तेव्हा मी आधी हातानं अंदाज घेतो.
चार किलो तीनशे.
इलाहीचा काटा साडेतीनशे दाखवतो.
वरचे पन्नास ग्रॅम आमच्या ओळखीचे.

शिलाहारांच्या वेळची की परवाच्या कासाराची,
ते मला विचारू नका.
एक जाणकार आले होते, भिंगातून बघून म्हणाले,
"असेलही."
मला तेवढं पुरतं.
मी चिंच लावत नाही, राख लावत नाही.
वेलीच्या वळणात साचलेलं काजळ,
तुपाचा मेणट थर,
कुठल्या तरी नवरात्रातला एक तांदूळ
कळ्यांमध्ये अडकून काळा पडलेला,
हे सगळं वजनात धरलेलं आहे.

वर मधोमध कीर्तिमुख.
बिचाऱ्यानं भुकेपोटी स्वतःचं अंग खाल्लं,
तोंड तेवढं राहिलं.
आता ते खाली बघतं तर
शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीची भिंत,
विजेचा मीटर,
खुंटीला माझं बनियन.
शालन म्हणते,
"दारं जमवलीत सगळी. घर कुठाय?"

मग भाद्रपदात बाळकू गुरव आला,
नदीपलीकडचा,
काखेत सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेला देव.
"बहात्तरच्या दुष्काळात आज्ज्यानं प्रभावळ मोडीत घातली.
पोतंभर जुंधळं आलं. आमी जगलो.
देवाच्या पाठीला मातर वारं लागतंय."

वीतभर देव.
नाक झिजलेलं, डोळे झिजलेले.
विष्णू की भैरोबा, विचारलं,
तर म्हणाला, "देव हाय."

अंगणात अकराही मांडल्या.
एकेका भोकात खुंट्या घालून बघितल्या.
कुठं सैल, कुठं आवळ,
एकीत तर देव डोकं वाकवून उभा,
भाडेकरूसारखा.
सातवीत बसला.
खट्ट आवाज झाला तेवढाच.
शालन आतून आली, हात पिठाचे,
तशीच मनगटानं पदर सावरत उभी राहिली.

बाळकूनं डोळे बारीक केले.
"बसतोय. पर ही आमची न्हवं.
आमच्यातला डाव्या अंगाचा मोर आंधळा हुता.
ल्हानपणी मी त्येच्या डोळ्यात बोट घालायचो."

"ने तरीसुद्धा," मी म्हणालो, "पैसे नकोत."

"नगं. दुसऱ्या देवाची हाय ती.
त्योबी हुडकत आसंल."

चहा पिऊन गेला. पोतं विसरला.

त्या दिवसापासून सातवी उचलली की
माझा अंदाज चुकतो.
काट्यावर घातली, काटा तोच आकडा सांगतो.
हात ऐकत नाही.
आणि मोडीच्या ढिगात आता मी
घडण बघत नाही, काळ बघत नाही.
गुडघे टेकून
डाव्या बाजूचे मोर बघत बसतो.

काल इलाहीचा फोन.
"काटेवाले, मोर हाय.
पन डोळ्यात काजळ गच्च बसलंय,
आंधळा का डोळस कळंना.
धुऊ?"

"धुऊ नको," मी ओरडलोच.
"इकू नको, धुऊ नको, हात लावू नको.
त्या डोळ्यात बोट घालणारा माणूस आणायचाय."

पुलापलीकडचा रस्ता अजून पंचगंगेखाली आहे.
रोज संध्याकाळी जाऊन बघतो.
आज दगडी पायरीची एक कड
दिसल्यासारखी वाटली.